निर्मळ बेटीं राहिलेल्या पाहुण्यांची हकीकत

श्री. भरतीस जी देते, ओहोटीस जी नेते, आणि नेलेलें जी विसरत नाहीं, त्या समुद्रमाउलीस नमन करून लिहिलें जातें ऐसें जे : शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासीं, दोन प्रहरचे समयीं बेटावर सर्वत्र निवांत जाहलें होतें. माणसें जेवून कलंडलीं होतीं, होड्या वाळूवर कलल्या होत्या, कावळे देखील माडाचे सावलीस चोच मिटून बसले होते, आणि जयवंतीबाईंनीं आपली लेक पाकळी, वय वर्षें चार, इजला मांडीवर थोपटून नुकतीच निजविली होती. अंगाई सरली होती, परंतु हात थोपटणें विसरला नव्हता. इतक्यांत पडवींतून आवाज आला, कट्ट. मग थोडें थांबून पुन्हां कट्ट. उन्हानें तापलेली रिकामी बाटली आपलेंच अंग मोडते, तैसा. पाकळीबाईसाहेबांनीं एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "आये, मामा जागा झाला." जयवंतीबाईंनीं कपाळास हात लाविला. कारण पडवींत मामा नव्हता. पडवींत पोतें होतें, आणि पोत्यांत परमुलखींच्या लोकांनीं टाकिलेला कचरा होता. तो मामा कैसा जाहला, आणि बेटास निर्मळ ही पदवी कैसी प्राप्त जाहली, तें परिसावें.

पूर्वीं या बेटाचा कचरा तो काय? मासळीचे कांटे, नारळाचीं सोडणें, चुलीची राख. तें सांजचे ओहोटीस द्यावें, हात जोडावे आणि माघारी वळावें, ऐसी चाल. समुद्र नेत असे, आणि कोठें नेतो हें कोणी पुसत नसे. पुसण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. दुसरी चाल दोरीची. हरएक घरची दोरी निराळ्या रंगाची, जाळ्यास तीच, जाळ्याचे तरंगत्या बोयास तीच, वल्ह्यास तीच. जयवंतीबाईंचे घरची दोरी तीन पदरी, निळा, पिवळा आणि पांढरा. समुद्रानें कोणाचें जाळें वाहून नेलें आणि तें कोणास सांपडलें, तर त्यानें दोरी ओळखून धन्याचे दारीं पोंचतें करावें, आणि धन्यानें त्यास नारळ देऊन वस्तु घरांत घ्यावी. नाहीं म्हणूं नये. नाहीं म्हणेल त्याचे जाळ्यास वर्षभर मासळी शिवणार नाहीं. ही चाल बेटावर तैसीच खाडीपलीकडील किनाऱ्यावर, आणि या चालीच्या भरंवशावर पिढ्यान्‌पिढ्या वाहून गेलेलीं जाळीं घरीं परतलीं. दोन्ही चाली उत्तम. परंतु दोन उत्तम चाली एका मूर्खाचे हातीं पडल्या म्हणजे काय होतें, तें पुढें येईल.

मग दर शनिवारीं फौज येऊं लागली. काळे चष्मे, तोकड्या विजारी, डोईस टोप्या, आणि हातीं पाण्याची बाटली ऐसी धरिलेली कीं जणूं बेटावर विहीरच नाहीं. उतरतांच त्यांनीं वाळूवर तळ द्यावा, मोबाईल आपणांकडेच रोखून आपलींच चित्रें काढावीं, चुरमुर वाजणाऱ्या पिशव्या फोडाव्या, खावें, सांडावें, सूर्य बुडतांना पाहून हाय हाय करावें, आणि रविवारीं सांजे शेवटच्या लाँचेनें कूच करावें. मागें राही तो रणांगणाचा देखावा. बाटल्या, पिशव्या, पेले, कागदी ताटल्या, तान्ह्यांचे लंगोट, एकच पायाची चप्पल. कोणी म्हणेल कीं बेटकऱ्यांस क्रोध आला असेल. छे. बेटकरी बहुत प्रसन्न जाहले. कोणी खोली भाड्यानें दिधली, कोणी सरबत विकिलें, आणि जयवंतीबाईंनींही पडवींत पाटी लाविली कीं घरगुती जेवण मिळेल. ताटें घांसावयास उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी पुरेना, म्हणोन त्यांनीं थर्माकोलचीं ताटें आणविलीं. त्या ताटांवर पाकळीचे पायांत पैंजण आले, तेव्हां ताटांस शिव्या देणें त्यांस शोभत नव्हतें आणि त्यांनीं दिधल्याही नाहींत. उष्टें ताट त्याही ओहोटीसच देत. फरक इतकाच कीं कांटे जात असत, आणि ताट दुसरे दिवशीं भरतीबरोबर हंसत हंसत परत येई.

ऐसें चाललें असतां चैत्रांत थोरल्या सरकारचा हुकूम आला कीं किनाऱ्यावरील बेटांची पाहणी होईल, आणि ज्या बेटीं कचरा दिसणार नाहीं त्यास निर्मळ बेट ऐसी पदवी, पितळी ढाल, आणि धक्क्यावर शिमेंटाची कमान. त्या समयीं बेटाचे गादीवर हसुराम नाखवा सरपंच विराजमान होते. शरीर भव्य, मिशी भव्य, बुद्धी बेताची. कमान हा शब्द ऐकतांच नाखव्यांचे नेत्र पाणावले, कारण कमानीवर नांव कोरितात. मग पंचायतीचे कचेरींत मसलत बसली. एक म्हणाले जाळावें. तर धूर चित्रांत येतो आणि फौज रुसते. दुजे म्हणाले पुरावें. तर बेट सारें कातळ, वीतभर खणिलें कीं कुदळ वाजते. तिजे म्हणाले होडी भरून पलीकडे बंदरीं पाठवावें. तें मान्य होऊन एक होडी कचऱ्यानें भरिली, वर ताडपत्री घातली, आणि कारभारी वकील म्हणून रवाना जाहले. बंदरकऱ्यांनीं ताडपत्री उचलून पाहिली, पुन्हां झांकिली, आणि म्हणाले कीं आमचें आम्हांस जड आहे, तुमचें कोठें घेऊं. कारभारी चहा पिऊन परतले. मग नाखव्यांनीं मिशीवरून हात फिरविला, आणि त्यांचे मुखांतून तें वाक्य निघालें जें बेटाचे इतिहासांत अजरामर राहील. म्हणाले, "दिसनार नाय एवढंच हाय ना? मग घराघरांत ठेवा. पाव्हना समजा नि ठेवा." सभेनें टाळ्या दिधल्या. जी गोष्ट पांच वर्षांचें पोर आईपासून खेळणें लपवितांना करितें, ती राजकारण ठरली.

भोंग्यावरून दवंडी फिरली. उभें बेट वाकून कचरा वेंचूं लागलें, पोतीं भरलीं, आणि दर घरीं एक, मोठी पडवी असेल तेथें थोरलें, ऐसीं वांटलीं. पोत्याचें तोंड बांधावयास दोरी हवी. मग हरएकानें घरांतील दोरी काढिली, आणि हातास जी गांठ ठाऊक तीच दिधली. कोणाचे मनांत आलें नाहीं कीं आपण काय बांधितों. जन्मभर जें बांधिलें तें आपलें म्हणोनच बांधिलें. परक्याची घाण बांधावयाची गांठ बेटावर कोणी शिकविलीच नव्हती. जयवंतीबाईंनींही निळी, पिवळी, पांढरी ऐसी घट्ट आंवळली. त्यांची सासू पोसूबाई, जिची जीभ कोयतीहून धारेची, ती उंबऱ्यांत बसून पाहत होती. म्हणाली कीं जावई आला तरी इतकी जागा कोणी दिधली नव्हती, आतां याला पाट मांडा, वाटीभर कालवण द्या. हें बोलणें टोमण्याचें. परंतु पाकळीबाईसाहेब चार वर्षांच्या, त्यांस टोमणा कळत नाहीं, पाहुणा कळतो. त्यांचे सख्खे मामा दूर मुलखीं बोटीवर, दोन होळ्या जाहल्या पाय लागले नव्हते. सबब त्यांनीं तांब्या घेतला, पोत्याचे तळाशीं जेथें पाय असावे तेथें पाणी घातलें, आपला भाताचा घांस त्यापुढें ठेविला, आणि मायेस विचारिलें कीं मामा बोलत कां नाहीं. जयवंतीबाईंचे हातीं भाकरीचें पीठ, चुलीवर तवा, दारीं गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "दमलाय गो तो." आईचे तोंडून सहज निघालेलें एक लटिकें, परंतु लेंकरानें तें दोहों हातीं घेतलें आणि जपून ठेविलें. तेव्हांपासून तें पोतें मामा जाहलें.

पाहणीचे दिवशीं बडे साहेब लाँचेनें आले. पांढरे बूट, गळां ओळखपत्र. वाळू स्वच्छ, वाटा स्वच्छ, धक्क्यावर रांगोळी. साहेब शहाळें प्याले आणि शहाळ्यांत नळी प्लास्टिकची होती ती त्यांनीं शिष्टाचारानें खिशांत घातली, म्हणजे बेटाचा तितका भार कमी जाहला. मग त्यांस लोकांचीं घरें पाहण्याची इच्छा जाहली, आणि नाखव्यांचे तोंडचें पाणी पळालें. साहेब नेमके जयवंतीबाईंचे पडवींत शिरले. पोसूबाईंनीं प्रसंग ओळखून पोत्यावर गोधडी ओढिली होती. साहेबांनीं विचारिलें, कोण निजलें आहे? पोसूबाई डोळा न लववितां म्हणाली, "पाव्हने हायत. ताप आलाय." तों पाकळीबाईसाहेब पुढें सरसावल्या आणि म्हणाल्या, "माझा मामा. त्याला वास येतो, पन तो चांगला हाय." जयवंतीबाईंस धरणी दुभंगेल तर बरी ऐसें जाहलें. साहेब हंसले, लेंकराचे गालास हात लाविला, गोधडीस नमस्कार केला, आणि रुग्णाची निद्रा मोडूं नये म्हणोन पांढरे बूट चवड्यांवर उचलीत बाहेर गेले. बेट पास जाहलें. कचऱ्यास नमस्कार करणारा अधिकारी आणि त्यास ताप आणविणारी रयत, ऐसा मेळ पूर्वीं कोठें जाहला असेल तर लिहिणारास ठावें नाहीं.

मग वैशाख लागला. पदवी घोषित जाहली, ढाल कोरावयास गेली, परंतु पोतीं न्यावयास कोणी येईना. ऊन तापलें, पाहुणे फुगले, मुंग्या लागल्या, घुशी लागल्या, आणि दुपारीं दुपारीं पडव्यांतून कट्ट कट्ट ऐसें संभाषण सुरू जाहलें. इकडे आगोटीचे दिवस जवळ. पाऊसकाळीं चार मास होडी निघत नाहीं, लाँच येत नाहीं, फौज येत नाहीं. तेव्हां सुकट, तांदूळ, लांकूडफांटा जें काय पडवींत भरून ठेवावें त्यावर घर जगतें. जयवंतीबाईंची सुकट आंगणांत वाळून तयार, आणि ठेवावयाचे जागीं मामा. घुशींनीं मामाशीं सोयरीक केल्यापासून तेथें दाणा ठेवणें म्हणजे घुशींस वाढणें. म्हणोन त्या नाखव्यांकडे गेल्या आणि विनविलें कीं पोत्याची कांहीं वाट लावा, पडवी मोकळी न जाहली तर श्रावणांत लेंकरास काय घालूं. नाखवे झोपाळ्यावर होते. म्हणाले, "पाव्हना हाय तो, पोरी. निघायचा तेव्हां निघंल. पाव्हन्याला जा म्हनू नये." आणि झोपाळा हलविला. जयवंतीबाईंनीं पाहिलें तों नाखव्यांचे पडवींत पोतें नव्हतें. मागील अंगणीं नव्हतें. वाटेनें परततांना शेजारच्या पडव्या न्याहाळिल्या, त्याही एकामागून एक रित्या. तेव्हां त्यांस उमगलें. हरएक घर आपापलें शहाणपण आपापल्यापाशीं ठेवून सांजचे ओहोटीस पाहुणा मार्गीं लावीत होतें, आणि दुसरे दिवशीं बायका विहिरीवर एकमेकींस पुसत होत्या कीं कचऱ्याचें सरकार काय करणार म्हणे. त्याच सांजे जयवंतीबाईही पोतें उचलावयास गेल्या. तों पाकळी त्यास टेकून बसलेली, आणि पैंजण दाखवून त्यास सांगत होती कीं हे आयेनें घेतले. जयवंतीबाई उभ्या राहिल्या, आणि मग सुकटच घरांत घेतली, माचावर, उशाशीं. सारें घर बोंबलांच्या स्वप्नांत निजूं लागलें. पोसूबाई म्हणाली कीं पाहुणा पडवींत आणि घरचीं अडगळींत, ही रीत या घरीं नवीन निघाली.

मग ढालीचा दिवस उगवला. धक्क्यावर मांडव, खुर्च्या, भोंगा. बडे साहेब आले, नाखव्यांनीं फेटा बांधिला, आणि जयवंतीबाई लेक कडेवर घेऊन बायकांचे रांगेंत उभ्या राहिल्या. साहेबांनीं भाषण केलें कीं या बेटापासून सर्वांनीं शिकावें. ढाल नाखव्यांचे हातीं दिधली. टाळ्या पडतात इतक्यांत खाडीपलीकडून होड्या दिसूं लागल्या. एक, मागें दुसरी, मागें आणखी, सर्व भारानें वांकलेल्या. लोकांस वाटलें कीं पलीकडले सोहळ्यास आले, आणि नाखव्यांनीं हंसून हात हलविला. पहिली होडी धक्क्यास लागली. तींतून पलीकडचा जुना तांडेल धर्मा उतरला, वयानें वांकलेला, पण सदरा धुतलेला, कारण वस्तु परत करावयास जातांना स्वच्छ जावें ऐसी चाल. त्यानें खांद्यावरील पोतें मांडवांत नाखव्यांचे पायांशीं हळू ठेविलें, गांठ वर करून दाखविली आणि म्हणाला, "नाखवा, तुमची तांबडी दोरी. खडकावर अडकली व्हती. नारळ द्या."

धर्माचे मागें रांग लागली. हिरवी दोरी कोणाची, काळी-पांढरी कोणाची, ऐसें ओळखून ते ज्याचे त्यास बोलावीत, पोतें पायांशीं ठेवीत, आणि हात पुढें करीत. त्या हातांत वैर किती आणि चाल किती हें ओळखणें कठीण. धर्माचे मिशींत हंसूं होतें ऐसें कित्येक म्हणतात. आणि बेटकऱ्यांस नाहीं म्हणवेना. हुकूम मोडवतो, कायदा मोडवतो, लाज तर केव्हांच मोडिली होती, परंतु दोरीची चाल मोडून जाळें कोरडें कोण करून घेईल? नारळ निघूं लागले. घरचे सरले, तोरणाचे सरले, देवळांतले आणिले. शेवटीं जो नारळ साहेबांस शालीवर ठेवून दिधला होता तो नाखव्यांनीं साहेबांचे मांडीवरून उचलून परक्या नावाड्याचे हातीं दिधला. साहेब काय करितात म्हणोन सर्वांनीं पाहिलें. साहेबांनीं पोतीं पाहिलीं. मग ढाल पाहिली. तीवर अक्षरें कोरून जाहलीं होतीं. मग त्यांनीं मान वळवून समुद्राकडे पाहिलें आणि म्हणाले कीं सूर्यास्त येथें फार सुंदर दिसतो. तेव्हां सूर्य हातभर वर होता. त्यानंतर सोहळा संपला आणि चहा जाहला. त्या गर्दींत पाकळी मायेचे गळां हात घालून कानांत म्हणाली कीं सगळ्यांचे मामा परत आले, आपला गेलाच नव्हता. आणि जयवंतीबाईंस, सारें बेट माना खालीं घालून उभें असतां, क्षणभर अभिमान वाटला. मग कशाचा वाटला हें मनांत येऊन त्यांनीं पदर तोंडास लाविला.

दुसरे दिवशीं पुन्हां मसलत बसली. कोणास वाटेल कीं आतां शहाणपण सुचलें असेल, फौजेस सांगितलें असेल कीं आणिलें तें परत न्या, अथवा थर्माकोल बंद जाहला असेल. सभेनें तीन घटका विचार करून निर्णय केला कीं दोष दोरीचा. दोरी नसती तर कोणाचें पोतें कोणास कळतें? सबब हुकूम जाहला कीं सर्वांनीं आपापली दोरी कापून घ्यावी, पोत्याचें तोंड बाजारच्या सुतळीनें बांधावें, आणि मग ओहोटीस द्यावें. नाखव्यांनीं पुढें म्हटलें, "समुद्र काय, नांव नसलं का इसरतो." सभेनें पुन्हां टाळ्या दिधल्या. ढाल मागें खिळ्यास लटकत होती.

एणेंप्रमाणें निर्मळ बेटाचा वृत्तांत. ढाल कचेरींत राहिली, नारळ पलीकडे गेले, कमान पाऊस सरल्यावर होणार, आणि पोतीं बेनांवी होऊन एकामागून एक पाण्यांत उतरूं लागलीं. जयवंतीबाईंचे घरींही पोसूबाई म्हणाली कीं आभाळ भरून येतें, सुकटीस बुरशी लागेल, आतां तरी त्याला निरोप दे. म्हणोन सांजे त्यांनीं पोतें डोईवर घेतलें, कमरेस कोयती खोंवली, आणि खडकांवर आल्या. पाकळी मागून आली. तिनें पाहुणा जातो म्हणोन वाटेस मुठींत भात घेतला होता. ओहोटी लागली होती. जयवंतीबाईंनीं पोतें टेकविलें आणि दोरीस कोयती लाविली. निळा पदर तुटला. पिवळा तुटला. पांढरा राहिला होता, तों पाकळीनें भाताची मूठ तशीच मिटून वर पाहिलें आणि विचारिलें, "आये, दोरी कापलीस तं मामाला कोन सांगंल, त्याचं घर कंचं?"